हृदयातल्या गाठीचे मूळ ओटीपोटात

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्न विचारणाऱ्या बाईंच्या थोरल्या बहिणीचे वय ४६ आहे. फायब्रॉइडच्या, म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूंतल्या साध्या गाठींमुळे सहा वर्षांपूर्वी तिची गर्भपिशवी काढली, बीजांडकोश मात्र ठेवले, आणि त्या वेळच्या तपासणी अहवालात कर्करोग नसल्याचे लिहिले होते. गेल्या काही महिन्यांपासून तिला जिना चढताना धाप लागते, संध्याकाळी पाय सुजतात, आणि एकदा ती उभ्या उभ्या भोवळ येऊन पडली. इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाच्या उजव्या कर्णिकेत, म्हणजे वरच्या उजव्या कप्प्यात, हलणारा गोळा दिसला. सीटी स्कॅननंतर हा गोळा ओटीपोटातून शिरेवाटे वर आला असावा, असे डॉक्टरांनी सांगितले. जी पिशवी शरीरात उरलीच नाही तिची गाठ हृदयात कशी, ती कर्करोगाची नाही यावर विश्वास कसा ठेवायचा, आणि छाती व पोट दोन्ही उघडावे लागेल का, हे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

या वर्णनाशी सर्वांत जास्त जुळणारा विकार म्हणजे इंट्राव्हेनस लायोमायोमॅटोसिस. गर्भाशयाच्या अरेखित स्नायूंपासून झालेली गाठ शिरांच्या पोकळीत शिरते आणि रक्ताच्या प्रवाहाबरोबर वर वाढत जाते, असे त्याचे स्वरूप असते. स्कॅन मी स्वतः पाहिलेला नाही, त्यामुळे अंतिम निदान बहिणीच्या डॉक्टरांनीच करायचे आहे. तीन दशकांच्या स्त्रीरोग शल्यचिकित्सेत हृदयापर्यंत गेलेल्या अशा गाठी मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच पाहिल्या आहेत, आणि त्यांतली प्रत्येक शस्त्रक्रिया हृदयशल्यचिकित्सकांच्या बरोबरीने उभे राहून केलेली आहे. त्या अनुभवातून एक गोष्ट मनात पक्की बसली आहे. हृदयात दिसतो तो या गाठीचा केवळ शेंडा असतो. तिचे मूळ ओटीपोटात असते, आणि निदान असो, शस्त्रक्रिया असो वा पुढची देखरेख, तिघांचाही विचार मुळापासूनच करावा लागतो.

हा विकार नवा नाही. बिर्च-हिर्शफेल्ड यांनी १८९६ मध्ये त्याचे वर्णन केले आणि ड्युर्क यांनी १९०७ मध्ये अशी गाठ हृदयापर्यंत पोहोचल्याचे नोंदवले. ते काम बहुतांशी मृत्यूनंतरच्या शवविच्छेदनाचे होते, कारण जिवंतपणी हृदयाच्या आत डोकावण्याचे साधनच तेव्हा नव्हते. गाठ शिरेत येते कुठून, याबद्दल तेव्हापासून दोन मते चालत आली आहेत. एका मतानुसार ती गर्भाशयातल्या शिरेच्या भिंतीतील स्नायूपासूनच उगवते. दुसऱ्या मतानुसार आधी नेहमीसारखा फायब्रॉइड होतो आणि त्याचे एखादे टोक शेजारच्या शिरेत शिरते. गर्भाशयातली गाठ आणि शिरेतली गाठ यांची जनुकीय तुलना जिथे झाली आहे तिथे दोन्ही एकाच पेशीवंशातल्या असल्याचे आढळले आहे. बाराव्या व चौदाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल साध्या फायब्रॉइडमध्ये दिसते, आणि तिच्याशी नाते सांगणारा बदल या शिरेतल्या गाठींतही सापडला आहे. त्यामुळे माझा कल दुसऱ्या मताकडे आहे, तरी प्रत्येक रुग्णात एकच वाट असेल असा माझा आग्रह नाही.

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. गर्भाशयाचे रक्त परत नेणाऱ्या शिरा दोन दिशांनी जातात. गर्भाशयाच्या शिरा ओटीपोटातल्या अंतःश्रोणी शिरेत, तिथून त्या बाजूच्या मोठ्या श्रोणी शिरेत आणि पुढे पोटाच्या मागच्या भागातून वर चढणाऱ्या खालच्या महाशिरेत मिळतात. दुसरी वाट बीजांडकोशाच्या शिरेची आहे. उजवीकडची बीजांडकोशाची शीर थेट महाशिरेत उघडते, तर डावीकडची आधी डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेत आणि मग महाशिरेत जाते. स्कॅनवर डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेत गाठीचा दोर दिसला तर तो मूत्रपिंडाचा कर्करोग समजण्याची चूक याच रचनेमुळे होते. गर्भपिशवी काढताना या शिरा बांधून कापतात. त्या वेळी शिरेच्या आत गाठीचा लहानसा कोंब आधीच शिरलेला असेल, तर तो बांधलेल्या जागेच्या पलीकडे राहून जातो. बाहेरून शीर थोडी टणक किंवा फुगलेली लागते एवढेच, आणि फायब्रॉइडच्या शस्त्रक्रियेत फुगलेल्या शिरा इतक्या नेहमीच्या असतात की त्याकडे कुणी विशेष लक्ष देत नाही. बीजांडकोश ठेवलेले असले तर त्यांच्यातून येणारे इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक त्या कोंबाला मिळत राहते. वर्षे जातात, कोंबाचा दोर होतो, आणि पिशवी नसलेल्या बाईच्या हृदयात गाठ सापडते. या विकाराच्या अनेक रुग्णांत आधी गर्भाशय काढल्याचा किंवा फायब्रॉइड काढल्याचा इतिहास मिळतो, तो यामुळेच. पहिल्या शस्त्रक्रियेत हलगर्जीपणा झाला असाच याचा अर्थ घेऊ नये.

या दोराचे स्वरूप विलक्षण असते. तो पांढुरका, गुळगुळीत, रबरासारखा चिवट आणि लांबच लांब असतो. मुळाशी घट्ट असतो, पण वरचा बहुतेक भाग शिरेच्या भिंतीला न चिकटता रक्तात तरंगत असतो. शिरेची पोकळी तो एकदम बंद करत नाही. वाढ सावकाश होते, रक्त कडेकडेने वाट काढते आणि आजूबाजूच्या लहान शिरा रुंदावून भार उचलतात. म्हणून महाशिरेचा बराचसा भाग व्यापूनही बाईला काहीच जाणवत नाही, असे घडते. यकृताच्या शिरांच्या तोंडाशी अडथळा झाला तर यकृत सुजते आणि जलोदर होतो, म्हणजे पोटात पाणी साचते. उजव्या कर्णिकेत पोहोचल्यावर जागा मोकळी मिळते, तिथे दोराचे टोक अनेकदा फुगून गोळ्यासारखे होते, आणि प्रत्येक ठोक्याबरोबर ते त्रिदली झडपेतून उजव्या जवनिकेत, म्हणजे खालच्या उजव्या कप्प्यात, जा-ये करू लागते. क्षणभर जरी झडप अडली तरी फुफ्फुसांकडे जाणारे रक्त कमी पडते. बहिणीला आलेली भोवळ मला याच कारणाने सर्वांत गंभीर वाटते. धाप आणि सूज काही आठवडे सहन करता येतात, पण भोवळ ही झडप अडत असल्याची खूण असू शकते आणि असा अडथळा अचानक मृत्यूचेही कारण ठरल्याची उदाहरणे आहेत. एकूण रुग्णांपैकी साधारण दहातल्या एकीत गाठ हृदयापर्यंत जाते, असे सांगितले जाते. काही रुग्णमालिकांत हे प्रमाण याहून जास्त आहे, पण त्याचे एक कारण असे की हृदयापर्यंत गेलेले रुग्णच मोठ्या केंद्रांत पोहोचतात आणि नोंदवले जातात.

ही गाठ कर्करोगाची नाही, हे विधान सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या पेशींबद्दलचे असते. त्या पेशी साध्या फायब्रॉइडच्या पेशींसारख्याच असतात. त्यांचे विभाजन तुरळक असते, केंद्रके एकसारखी असतात, आणि कर्करोगात दिसतो तसा पेशींचा मृतभाग नसतो. गाठीच्या बाहेरच्या कडेला खाचा आणि पाकळ्यांसारखे उंचवटे असतात, आत जाड भिंतींच्या रक्तवाहिन्या असतात, आणि शिरेतल्या भागावर शिरेच्या अस्तराचेच पातळ आवरण चढलेले असते. जवळपासच्या अवयवांत मुळे रोवून ते नष्ट करत जाणे ही कर्करोगाची रीत इथे नसते. तरीही ‘साधी गाठ’ हा शब्द इथे फसवा आहे, असे मी रुग्णांना नेहमी सांगतो. पेशींच्या जातीने ती साधी असते, पण जिथे जाऊन बसते ती जागा साधी नसते.

तिच्यासारखी दिसणारी आणि खरोखर घातक असलेली आणखी दोन दुखणी आहेत. पहिले म्हणजे लायोमायोसार्कोमा, अरेखित स्नायूंचा कर्करोग, जो गर्भाशयातून येऊ शकतो किंवा महाशिरेच्या भिंतीतूनच उगवतो. त्याच्या पेशी उघडपणे उच्छृंखल असल्यामुळे तो सहसा ओळखू येतो. दुसरे मात्र चांगलेच चकवते. गर्भाशयाच्या अस्तराखालच्या ऊतीचा कमी तीव्रतेचा स्ट्रोमल सार्कोमा सौम्य चेहऱ्याचा असतो, तोही शिरांत किड्यासारखा वळवळत शिरतो आणि हृदयापर्यंतही जाऊ शकतो. आपली गाठ आणि हा सार्कोमा यांतला फरक विशेष रंजकांच्या, म्हणजे पेशींतली ठरावीक प्रथिने रंगवून दाखवणाऱ्या द्रव्यांच्या, तपासणीने ठरवतात. स्नायूच्या गाठीत डेस्मिन आणि कॅल्डेस्मॉन ही प्रथिने ठळक उमटतात, तर स्ट्रोमल सार्कोमात सहसा सीडी-१० ठळक उमटते आणि कॅल्डेस्मॉन उमटत नाही. एकाच रंजकावर विसंबून निर्णय घेत नाहीत. इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांचे ग्राहक (ती पकडणारे पेशींतले रेणू) दोहोंत असू शकतात, त्यामुळे केवळ त्यांच्यावरून काही ठरत नाही.

म्हणून आज करता येण्याजोगे एक काम आधी करा. सहा वर्षांपूर्वी जिथे शस्त्रक्रिया झाली तिथून जुन्या नमुन्याच्या काचा (स्लाइड) आणि मेणातले ब्लॉक मिळवा आणि स्त्रीरोगांच्या विकृतिशास्त्रात मुरलेल्या तज्ज्ञाकडून ते पुन्हा वाचून घ्या. फायब्रॉइड म्हणून दिलेल्या नमुन्याच्या कडेला शिरेत शिरलेला भाग तेव्हाच दिसत होता, पण नजर तिकडे गेली नाही, असे मी पाहिले आहे. शिवाय जुना नमुना स्पष्ट बोलत असेल तर हृदयातल्या गोळ्याचा तुकडा काढण्याचा धोका पत्करण्याचे कारण उरत नाही.

हृदयातल्या गोळ्याचे चुकीचे निदान सर्वांत जास्त दोन प्रकारे होते. मिक्झोमा ही हृदयातली सर्वांत परिचित साधी गाठ आहे, म्हणून नजर आधी तिच्याकडे जाते. पण मिक्झोमा बहुधा डाव्या कर्णिकेत, दोन कर्णिकांमधल्या पडद्याला देठाने चिकटलेला असतो, आणि महाशिरेतून वर आलेला तर तो नसतोच. दुसरी चूक म्हणजे रक्ताची गुठळी समजून रक्त पातळ करणारी औषधे देत राहणे. गाठीवर वरून गुठळी जमली असेल तर त्या औषधांचा उपयोग आहे, पण गाठ त्यांनी तसूभरही लहान होत नाही. शिरेतून रंगद्रव्य देऊन केलेल्या स्कॅनमध्ये गाठीत रक्तपुरवठा दिसतो आणि साध्या गुठळीत तो दिसत नाही, एवढ्या एका निरीक्षणाने अनेक महिने वाचतात. माझ्या उमेदवारीच्या काळात एका रुग्णाच्या उजव्या कर्णिकेतला गोळा मिक्झोमा समजून काढला गेला, महाशिरेच्या तोंडाशी दोर कापून टाकला गेला, आणि पोटाचा स्कॅन कुणाला सुचलाच नाही. शस्त्रक्रिया यशस्वी झाली म्हणून सर्वजण समाधानी होते. पुढे तोच दोर पुन्हा हृदयात आला तेव्हा ओटीपोटाकडे पाहिले गेले. उजव्या कर्णिकेतला गोळा खालच्या महाशिरेतून वर येताना दिसला आणि बाईला फायब्रॉइडचा इतिहास असला, तर पुढचा स्कॅन छातीपासून जांघेपर्यंत सलग झालाच पाहिजे, हे मी तेव्हा शिकलो.

तो स्कॅन शिरा रंगद्रव्याने भरण्याच्या टप्प्यावर, योग्य वेळ साधून काढावा लागतो. नाहीतर महाशिरेत पायांकडून येणारे कोरे रक्त आणि मूत्रपिंडांकडून येणारे रंगीत रक्त मिसळताना खोट्या सावल्या पडतात. शल्यचिकित्सकाला त्यातून तीन गोष्टी हव्या असतात. दोर कुठल्या शिरेतून निघाला आहे, वाटेत कुठे भिंतीला चिकटला आहे का, आणि हृदयातले टोक किती जाड आहे. चिकटण्याबद्दल एमआरआय आणि अन्ननलिकेतून केलेला इको यांनी अधिक खात्री मिळते. फुफ्फुसेही याच वेळी नीट पाहून घ्यावीत, कारण काही रुग्णांत त्याच साध्या स्नायुपेशींच्या लहान गाठी तिथेही असतात. त्या दिसल्या म्हणजे कर्करोग पसरला, असे धरून चालू नये.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे की शस्त्रक्रिया हाच इलाज आहे, आणि बहिणीच्या लक्षणांकडे पाहता ती लांबवू नये. छाती आणि पोट दोन्ही उघडावे लागेल का, हे टोकाच्या जाडीवर आणि चिकटण्यावर ठरते. टोक सडसडीत असेल, कुठेही चिकटलेले नसेल, तर निवडक रुग्णांत पोटातूनच महाशीर उघडून, अन्ननलिकेतल्या इकोवर सतत नजर ठेवून, सगळा दोर हलक्या हाताने खाली ओढून घेता येतो. तेव्हाही हृदयशल्यचिकित्सकांचा संच हार्ट-लंग मशीनसह, म्हणजे हृदय व फुफ्फुसांचे काम तात्पुरते करणाऱ्या यंत्रासह, शेजारी सज्ज असतो. टोक फुगलेले असेल तर ते महाशिरेच्या तोंडातून खाली येणार नाही, आणि जोर लावला तर दोर तुटून तुकडा फुफ्फुसाच्या धमनीत जाईल. अशा वेळी छाती उघडून, रुग्णाला हार्ट-लंग मशीनवर घेऊन, कर्णिका उघडून टोक मोकळे करावे लागते. महाशिरेतच गाठ असल्यामुळे मशीनची नळी नेहमीच्या जागी सरकवता येत नाही, हा तपशील बाहेरून लहान वाटतो, पण त्या दिवशीचे निम्मे नियोजन त्याभोवती फिरते. गाठ यकृताच्या पातळीवर चिकटली असेल तर रक्तस्राव आवरणे कठीण होते. मग शरीराचे तापमान १८ ते २० अंश सेल्सिअसपर्यंत उतरवून रक्ताभिसरण काही मिनिटे पूर्ण थांबवतात आणि कोरड्या जागेत काम करतात. मेंदूच्या सुरक्षिततेसाठी हा अवधी शक्यतो अर्ध्या तासाच्या आत ठेवायचा असतो.

दोन्ही भाग एकाच दिवशी करायचे की हृदयाचा आधी आणि ओटीपोटाचा काही आठवड्यांनी, यावर जाणकारांत मतभेद आहेत आणि ते प्रामाणिक आहेत. मशीनसाठी रक्त पातळ केलेले असताना ओटीपोटात काम करायचे म्हणजे रक्तस्रावाला आमंत्रण असते. शस्त्रक्रिया दहा-बारा तास चालू शकते, आणि आधीच थकलेल्या हृदयाला किंवा अशक्त रुग्णाला तो भार झेपेलच असे नाही. उलट दोन टप्पे केले तर मधल्या काळात मूळ तसेच राहते, दुसरी भूल द्यावी लागते, आणि बरे वाटू लागलेली रुग्ण दुसऱ्या टप्प्याला परत न येण्याचा धोका असतो. तो मी प्रत्यक्ष अनुभवला आहे. रुग्ण सशक्त असेल आणि दोन्ही संच एकत्र काम केलेले असतील तर मी एकाच टप्प्याच्या बाजूने आहे. जलोदर झालेला, यकृत बिघडलेले, चालणेही कठीण, अशा अवस्थेत मात्र दोन टप्पेच शहाणपणाचे. एक नियम दोन्हींत समान आहे. कर्णिकेकडून दोर आंधळेपणाने ओढायचा नाही. खाली मूळ मोकळे करायचे, वरून टोक सांभाळायचे, आणि दोघांनी एकमेकांशी बोलत काम करायचे. दोर चिकटलेला नसेल तर मूळ सुटताच तो शिरेतून सळसळत बाहेर येतो. निघालेला दोर टेबलावर मांडून तो अखंड आहे का, त्याची लांबी स्कॅनशी जुळते का, हे पाहिल्याशिवाय जखम बंद करू नये.

बीजांडकोशांचा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण तो येणारच आहे. ४६ व्या वर्षी ते दोन्ही काढावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. या गाठीला इस्ट्रोजेनचे ग्राहक असतात, आणि बीजांडकोशाची शीर हीच बहुधा तिची एक वाट असते, त्यामुळे त्या शिराही शक्य तितक्या वरपर्यंत काढाव्या किंवा बांधाव्या लागतात. यानंतर रजोनिवृत्तीची लक्षणे एकदम सुरू होतील. त्यांच्यासाठी इस्ट्रोजेनच्या गोळ्या घेऊ नयेत, त्याऐवजी हाडांची काळजी आणि गरमीच्या लाटांसाठी संप्रेरकरहित औषधे यांचा विचार करावा. ज्या तरुण स्त्रियांना मूल हवे असते त्यांच्या बाबतीत हा निर्णय फार अवघड होतो, पण बहिणीच्या वयात तो तितका कठीण नाही. बीजांडकोशांचे काम थांबवणारी इंजेक्शने किंवा लेट्रोझोलसारखी इस्ट्रोजेन कमी करणारी औषधे गाठीचा काही भाग काढता आला नाही तर वापरतात. त्यांनी वाढ मंदावल्याची उदाहरणे आहेत, काही वेळा गाठ आक्रसतेही. झडपेत अडकणाऱ्या गोळ्यावर शस्त्रक्रियेऐवजी ती देऊन वाट पाहणे मात्र मला मान्य नाही.

शस्त्रक्रिया होईपर्यंत पुन्हा भोवळ आली, छातीत दुखले किंवा धाप एकाएकी वाढली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालयात न्यावे. दोन्ही संच एकाच छताखाली नसलेल्या ठिकाणी घाईने छातीची शस्त्रक्रिया उरकून घेण्यापेक्षा, प्रकृती स्थिर असेल तर दोन दिवस उशिरा का होईना, योग्य केंद्रात हलवणे चांगले.

गाठ पुन्हा येण्याबद्दल बोलायचे तर ते जवळजवळ पूर्णपणे पहिल्या वेळी किती निघाली यावर अवलंबून असते. सगळी निघाली आणि बीजांडकोशही काढले तर पुनरावृत्ती कमी असते. काही भाग राहिला तर ती ३० टक्क्यांपर्यंत जात असल्याचे नोंदले गेले आहे. वाढ सावकाश असल्यामुळे ती वर्षांनी, कधी दहा वर्षांनंतरही दिसते, म्हणून पाच वर्षे बरे गेले की तपासण्या थांबवण्याचा कर्करोगातला हिशेब इथे लावता येत नाही. मी पहिली दोन-तीन वर्षे सहा महिन्यांनी आणि नंतर वर्षाला एकदा पोट व ओटीपोटाचा स्कॅन आणि इको करायला सांगतो. पुढे दरवर्षी सीटीचे किरण टाळण्यासाठी एमआरआयकडे वळता येते. प्रत्येक वेळी तपासणाऱ्याला जुना इतिहास लेखी द्यावा, आणि केवळ हृदय पाहून पाठवू नका, मोठ्या श्रोणी शिरा आणि महाशीर खालपासून पाहा, असे चिठ्ठीत नमूद करून घ्यावे.